गोळी तीच, रक्त वेगळे

हिवतापाच्या रोग्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स हा परजीवी आढळला, की त्याला दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या जातात. पहिली क्लोरोक्विनची. ती तीन दिवस घ्यायची असते. तिने रक्तातले परजीवी मरतात आणि ताप उतरतो. दुसरी प्रायमाक्विनची. ती मोठ्या माणसाने रोज १५ मिलिग्रॅम याप्रमाणे १४ दिवस घ्यायची असते. ताप उतरल्यावरही ही दुसरी गोळी कशासाठी? व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृताच्या पेशींत सुप्तावस्थेत दडून राहतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते पुन्हा रक्तात उतरतात आणि डास न चावताही ताप परत येतो. या दडून बसलेल्या परजीवींना मारणारी औषधे फार थोडी आहेत. त्यांत सत्तरहून अधिक वर्षे प्रायमाक्विन हेच मुख्य औषध राहिले आहे.

बहुतेक लोकांना या गोळीने विशेष त्रास होत नाही. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, पोटात दुखते, इतकेच. पण थोड्या लोकांच्या बाबतीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वेगळेच काही घडू लागते. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, डोळे पिवळे दिसतात, धाप लागते. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी भराभर फुटत असतात. औषध थांबवले नाही तर काहींच्या जिवावर बेतू शकते.

गोळी तीच, मात्रा तीच, आजारही तोच. मग शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काही होत नाही आणि याचेच रक्त का फुटते? दोष गोळीचा म्हणायचा की माणसाचा? या प्रश्नाचे उत्तर मिळायला सुमारे तीस वर्षे लागली. शाळेत आपण विकरे एका धड्यात शिकवतो आणि आनुवंशिकता दुसऱ्या. हे दोन धडे एका माणसाच्या रक्तात कसे एकत्र येतात, ते या इतिहासातून चांगले समजते.

निळ्या रंगापासून सुरुवात

गालाच्या आतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवताना आपण मिथिलीन ब्लू वापरतो. हा रंग हिवतापाचे परजीवी चांगला शोषून घेतात, हे जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांना ठाऊक होते. जो रंग परजीवीला चिकटतो तो त्याला मारूही शकेल, या विचाराने गुटमान आणि एर्लिख यांनी १८९१ मध्ये बर्लिनमधील दोन रोग्यांना मिथिलीन ब्लू दिला. गुण आला, पण क्विनीनची बरोबरी करण्याइतका नाही. तरी एक दिशा सापडली. प्रयोगशाळेत तयार केलेल्या रसायनाने हिवताप बरा करता येईल, ही ती दिशा.

पहिल्या महायुद्धात जर्मनीला क्विनीनचा तुटवडा फार जाणवला. त्यामुळे युद्धानंतर बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत शुलेमान आणि त्यांचे सहकारी याच वाटेने पुढे गेले. मिथिलीन ब्लूच्या रेणूत बदल करीत आणि त्याला क्विनीनच्या रेणूतील भागांची जोड देत ते एका नव्या रसायनापर्यंत पोहोचले. १९२६ मध्ये ते प्लास्मोक्विन या नावाने बाजारात आले. पामाक्विन हे त्याचे दुसरे नाव. क्विनीनला जे साधत नव्हते ते याने साधले. व्हायव्हॅक्सचा ताप उलटण्याचे प्रमाण त्याने कमी होई.

त्याच सुमारास मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आले, की हे औषध दिल्यावर काही मजुरांची लघवी काळी होते. १९३० च्या दशकात भारतातील लष्करी डॉक्टरांनीही अशा रोग्यांची नोंद केली. पण या नोंदींचा अर्थ कसा लावायचा? कोणी म्हणे मात्रा जास्त झाली असेल. कोणी म्हणे हा हिवतापाचाच एक गंभीर प्रकार आहे. औषध विषारी आहे, जपून वापरा, एवढाच निष्कर्ष निघाला. विषारी असेल तर ते सर्वांनाच का बाधत नाही, हा प्रश्न मागेच राहिला.

तुरुंगातली प्रयोगशाळा

दुसऱ्या महायुद्धाने हा प्रश्न पुन्हा पुढे आणला. जपानने १९४२ मध्ये जावा बेट घेतले आणि जगाला सिंकोनाची साल पुरविणारे मळे दोस्त राष्ट्रांच्या हातून गेले. पॅसिफिकमधील बेटांवर लढणारे अमेरिकन सैनिक हिवतापाने आडवे होत होते. नव्या औषधांचा शोध मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. हजारो रसायने आधी पक्ष्यांवर तपासली गेली. मात्र पक्ष्यांचा हिवताप आणि माणसाचा हिवताप सारखा नसतो. शेवटची परीक्षा माणसावरच व्हायची होती. ती माणसे कोणती?

इलिनॉय राज्यात जोलिएट गावाजवळ स्टेटव्हिल नावाचा मोठा तुरुंग होता. शिकागो विद्यापीठाचे डॉ. अल्फ आल्व्हिंग यांच्या नेतृत्वाखाली आणि लष्कराच्या मदतीने १९४४ पासून तेथे प्रयोग सुरू झाले. युद्धकाळात चारशेहून अधिक कैद्यांनी त्यांत भाग घेतला. त्यांना व्हायव्हॅक्स असलेल्या डासांकडून चावून घेतले जाई, ताप येऊ दिला जाई आणि मग नवी औषधे निरनिराळ्या मात्रांत देऊन पाहिली जात. कैद्यांनी संमतिपत्रावर सह्या केल्या होत्या. त्यांना थोडे पैसे मिळत आणि शिक्षेत सूट मिळण्याची आशा असे. वृत्तपत्रांनी त्यांचे देशभक्त म्हणून कौतुक केले.

युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवर खटला चालला. तेव्हा बचाव पक्षाने नेमके याच तुरुंगाकडे बोट दाखवले. तुम्हीही कैद्यांवर प्रयोग केलेत, मग आम्हीच गुन्हेगार कसे? हा युक्तिवाद तेथे टिकला नाही. छळछावणीतील प्रयोग आणि सही देऊन झालेले प्रयोग एकाच मापाने मोजता येत नाहीत, हे खरेच आहे. तरीही ज्याच्या हातात बाहेर जाण्याची किल्ली नाही त्याची संमती किती मोकळी असते, हा प्रश्न त्या दिवशी जो उभा राहिला तो राहिलाच. अखेर स्टेटव्हिलमधील हे प्रयोग १९७० च्या दशकात बंद झाले.

या प्रयोगांतूनच प्रायमाक्विन पुढे आले. ते पामाक्विनच्याच कुळातले, पण अधिक गुणकारी आणि एकंदरीत कमी त्रासदायक होते. कोरियातील युद्धात अमेरिकन सैनिकांना व्हायव्हॅक्सची लागण झाली होती. १९५१ पासून मायदेशी परतणाऱ्या सैनिकांना जहाजावरच रोज १५ मिलिग्रॅम याप्रमाणे १४ दिवस प्रायमाक्विन दिले जाऊ लागले. आज आपण देतो ती मात्रा तेथून आलेली आहे. ३० मिलिग्रॅमची मात्रा अधिक प्रभावी ठरली असती, पण तोवर तिचा धोका स्टेटव्हिलमध्ये दिसून आला होता.

दोष प्लाझ्मात की पेशीत?

तो धोका असा होता. रोज ३० मिलिग्रॅम प्रायमाक्विन घेणाऱ्या कृष्णवर्णीय कैद्यांपैकी काहींच्या तांबड्या पेशी फुटत. पुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांपैकी शंभरात सुमारे दहा जण असे संवेदनशील असल्याचे दिसून आले. गोऱ्या कैद्यांत हा प्रकार जवळजवळ आढळला नाही. १९५२ मध्ये याविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकातच वंशाचे नाव होते. आता हे स्पष्टीकरण मानले, तर त्याच वंशाच्या उरलेल्या नव्वद जणांना काही का झाले नाही, हे सांगता येत नाही. वंशाचे नाव घेतल्याने कारण सापडल्यासारखे वाटते, सापडत मात्र नाही.

तेव्हा आल्व्हिंग यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न बदलला. संवेदनशील माणसाच्या शरीरात दोष नेमका कोठे आहे? त्याच्या प्लाझ्मात काही घातक पदार्थ आहे, त्याचे यकृत औषधाचे विष बनवते, की त्याच्या तांबड्या पेशीच वेगळ्या आहेत? रेमंड डर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे. तांबड्या पेशींना क्रोमियम-५१ या किरणोत्सारी अणूची खूण करता येते. मग त्या दुसऱ्याच्या शरीरात सोडल्या तरी किती शिल्लक आहेत ते मोजता येते. संशोधकांनी संवेदनशील माणसाच्या पेशी खूण करून निरोगी माणसाला दिल्या आणि त्याला प्रायमाक्विन दिले. त्याच्या स्वतःच्या पेशी शाबूत राहिल्या, पाहुण्या पेशी मात्र फुटल्या. मग उलट केले. निरोगी माणसाच्या पेशी संवेदनशील माणसाला दिल्या. औषध दिल्यावर यजमानाच्या पेशी फुटल्या आणि पाहुण्या टिकल्या.

प्रयोगाची दोन्ही अंगे पाहिली की दुसरे उत्तर उरत नाही. दोष प्लाझ्मात नाही, यकृतात नाही, तांबड्या पेशीतच आहे.

आणखी एक कोडे होते. औषध तसेच चालू ठेवले तरी आठ-दहा दिवसांनी पेशी फुटणे आपोआप मंदावे आणि रक्त भरून येऊ लागे. शरीराला औषधाची सवय होते काय? याचा उलगडा अर्नेस्ट ब्यूटलर आणि सहकाऱ्यांनी केला. ब्यूटलर हे बर्लिनमध्ये जन्मलेले, नाझींच्या राजवटीमुळे १९३५ मध्ये आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले ज्यू. तरुण डॉक्टर म्हणून लष्करी सेवेत असताना त्यांची नेमणूक स्टेटव्हिलच्या प्रकल्पावर झाली. या वेळी पेशींवर किरणोत्सारी लोहाची खूण केली, म्हणजे एकाच वयाच्या पेशी ओळखता आल्या. औषधाने फुटत होत्या त्या म्हाताऱ्या पेशी, तरुण पेशी तग धरत होत्या. म्हाताऱ्या पेशी संपल्या, की काही काळ फुटायला फारशा पेशी उरत नव्हत्या.

एका विकराची कमतरता

म्हाताऱ्या पेशीत असे काय कमी होते? ब्यूटलर यांना संवेदनशील पेशींत ग्लुटाथायोन हे द्रव्य कमी आढळले. त्याचा धागा धरून पॉल कार्सन, आल्व्हिंग आणि त्यांचे सहकारी १९५६ मध्ये मूळ कारणापर्यंत पोहोचले. या पेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज नावाचे विकर फार कमी होते. एवढे लांब नाव टाळण्यासाठी त्याला जी-६-पीडी म्हणतात.

हे विकर काय करते, ते थोडक्यात पाहू. तांबडी पेशी जन्मभर ऑक्सिजन वाहते. लोखंड ज्या ऑक्सिजनमुळे गंजते तोच ऑक्सिजन पेशीतल्या प्रथिनांनाही अपाय करू शकतो. ऑक्सिडीकरणाची ही हानी थोपवण्याचे काम ग्लुटाथायोन करते, पण ते करताना ते स्वतःच ऑक्सिडीकृत होते. त्याला पुन्हा कामाजोगे करण्यासाठी एनएडीपीएच हे द्रव्य लागते. ते तांबड्या पेशीत ग्लुकोजच्या विघटनाच्या एका विशिष्ट मार्गानेच तयार होते. या मार्गाची पहिली पायरी म्हणजे जी-६-पीडी. शरीरातील इतर बहुतेक पेशींना यासाठी आणखीही मार्ग असतात. तांबडीला नसतात. शिवाय परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसल्यामुळे तिला नवे विकर तयार करता येत नाही. जन्मतः मिळालेली शिदोरी सुमारे १२० दिवस पुरवावी लागते. ज्याचे विकर मुळातच अस्थिर असते त्याच्या पेशींची शिदोरी अर्ध्या वाटेतच संपते.

एरवी हे लक्षातही येत नाही. असा माणूस शेतात राबतो, खेळतो, म्हातारा होतो. प्रायमाक्विनपासून शरीरात तयार होणारी द्रव्ये पेशीवर ऑक्सिडीकरणाचा भार टाकतात, तेव्हा तुटवडा उघडा पडतो. हिमोग्लोबिन बिघडून त्याच्या गुठळ्या होतात आणि पेशी फुटते. म्हणजे गोळी एकटी घातक नव्हती, आणि माणूसही आजारी नव्हता. दोघे एकत्र आल्यावर धोका निर्माण झाला.

रासायनिक घडणीच्या बाबतीत माणसामाणसांत फरक असतो, असे आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच म्हटले होते. आता त्याचे रोजच्या औषधोपचाराला भिडणारे उदाहरण हाती आले. अर्नो मोटुल्स्की यांनी १९५७ मध्ये औषधांच्या प्रतिक्रिया आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडला आणि १९५९ मध्ये फ्रीडरिश फोगेल यांनी या अभ्यासाला फार्माकोजेनेटिक्स हे नाव दिले. आज माणसागणिक औषध ठरविण्याची जी चर्चा होते, तिचा एक महत्त्वाचा उगम हिवतापाच्या या गोळीत आहे.

वंश नव्हे, जनुक

जी-६-पीडीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलग्याला एक्स गुणसूत्र एकच आणि तेही आईकडून मिळते. त्यामुळे आईच्या दोनपैकी एका गुणसूत्रावर दोष असेल, तर प्रत्येक मुलग्यात तो येण्याची शक्यता निम्मी. बापात दोष असेल तर तो मुलग्यांत येत नाही, मुली मात्र सर्व वाहक होतात. हिमोफिलियाचे उदाहरण आपण नेहमी देतो. पण तो विकार विरळा. जगात जी-६-पीडीची कमतरता असलेले लोक सुमारे ४० कोटी आहेत. आपल्या वर्गातही असा एखादा विद्यार्थी असू शकतो.

ही कमतरता एका वंशाची नाही हे लवकरच कळले. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत फावा नावाच्या शेंगांचे मोठे दाणे खाल्ल्यावर काही लोकांच्या तांबड्या पेशी अशाच फुटतात, हे जुने दुखणे होते. त्याचेही मूळ याच विकरात निघाले. आपल्याकडचा वाल किंवा पावटा म्हणजे फावा नव्हे, तेव्हा डाळिंब्यांची उसळ सोडण्याचे कारण नाही. मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता बऱ्याच प्रमाणात असल्याचे संशोधन १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात या विकराचा एक नवा प्रकार सापडला. त्याला जी-६-पीडी कल्याण असे नाव मिळाले. भारतात काही समाजांत ही कमतरता तुरळक, तर काहींत शंभरात दहाहून अधिक जणांत आढळते. प्रकारांप्रमाणे तीव्रताही बदलते. आफ्रिकेतील नेहमीच्या प्रकारात तरुण पेशी तग धरतात, तर भूमध्य प्रदेशातील प्रकारात तरुण पेशींतही विकर फार कमी असते. स्टेटव्हिलमध्ये दिसले तसे आपोआप सावरणे अशा माणसाच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही.

असे सदोष जनुक इतक्या लोकांत टिकून कसे राहिले? जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलॅसीमियाबाबत एक तर्क मांडला होता. रक्ताचे काही आनुवंशिक दोष हिवतापापासून थोडे संरक्षण देत असावेत, म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत ते टिकले. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. १९६० च्या सुमारास ॲलिसन आणि मोटुल्स्की यांनी हा तर्क जी-६-पीडीला लावून दाखवला. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत वाढताना तिच्यावर ऑक्सिडीकरणाचा ताण आणतो. आधीच दुबळी असलेली पेशी या ताणाखाली लवकर बाद होते आणि परजीवीचे घरच मोडते. त्यामुळे मोठी अडचण अशी झाली, की प्रायमाक्विनची गरज जेथे जास्त, तेथेच ते न सोसणारे लोकही जास्त.

कळले, पण वळले का?

कारण कळल्यावर उपायही सुचले. म्हाताऱ्या पेशी फुटतात आणि तरुण टिकतात, या माहितीचा उपयोग करून आल्व्हिंग यांच्या गटाने १९६० मध्ये आठवड्यातून एकदा ४५ मिलिग्रॅम याप्रमाणे आठ आठवडे औषध देण्याची पद्धत सुचवली. मधल्या दिवसांत शरीराला नव्या पेशी तयार करायला सवड मिळते. कमतरता असलेल्या रोग्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली आजही याच पद्धतीने औषध देता येते. रक्ताची तपासणी करून विकर मोजणेही शक्य झाले.

तरीही जे माहीत होते ते नेहमीच वापरले गेले असे नाही. क्लोरप्रोग्वानिल आणि डॅप्सोन यांचे मिश्रण असलेले लॅपडॅप हे औषध आफ्रिकेसाठी २००३ मध्ये मान्य झाले. डॅप्सोनने जी-६-पीडी कमी असलेल्यांच्या पेशी फुटतात हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. तरी औषध बाजारात आले, आणि याच कारणाने २००८ मध्ये मागे घ्यावे लागले. २०१८ मध्ये अमेरिकेत टाफेनोक्विनला मान्यता मिळाली. चौदा दिवसांचे काम त्याची एकच मात्रा करते. ही मोठीच सोय आहे. पण प्रायमाक्विन काही तासांत शरीरातून ओसरते, तर टाफेनोक्विन कित्येक आठवडे राहते. लघवी काळी झाल्यावर उद्याची गोळी थांबवता येते, कालची परत काढता येत नाही. म्हणून हे औषध देण्यापूर्वी विकराची पातळी मोजणे सक्तीचे आहे.

आपल्या राष्ट्रीय उपचारपद्धतीनुसार तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि जी-६-पीडीची कमतरता असलेले यांना प्रायमाक्विनचा नेहमीचा कोर्स दिला जात नाही. मात्र ज्या खेड्यापाड्यांत हिवताप अधिक आहे तेथे ही तपासणी प्रत्येक वेळी हाताशी असतेच असे नाही. अशा ठिकाणी दोन चुका घडू शकतात. एक म्हणजे धोका माहीत नसताना गोळ्या घेत राहणे. दुसरी म्हणजे धोक्याचे नाव ऐकून सर्वांनीच गोळ्या टाकून देणे. दुसरी चूकही साधी नाही. तिच्यामुळे यकृतातले परजीवी शिल्लक राहतात, ताप पुन्हा पुन्हा येतो, मुलाची शाळा बुडते, रक्तक्षय वाढतो आणि डासांमार्फत लागण इतरांकडे जाते.

या दोहोंच्या मधली वाट अवघड नाही. गोळी जेवणानंतर घ्यावी, १४ दिवस पूर्ण घ्यावी, आणि लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवावे. रंग काळपट झाला, डोळे पिवळे झाले किंवा धाप लागली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरात पूर्वी कोणाला असे झाले असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, विशेषतः आईच्या माहेरच्या पुरुषांपैकी कोणाला झाले असेल तर. हे शेवटचे वाक्य का, हे आठवी-नववीच्या मुलांना एक्स गुणसूत्राची आकृती काढून स्वतःच शोधता येईल. त्यांना ते शोधू द्यावे. ही माहिती मिळवताना ज्यांचे रक्त फुटले त्यांना नाही म्हणण्याची फारशी मुभा नव्हती. ती माहिती निदान गोळी घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरापर्यंत पोहोचायला हवी.